पोटॅशियम जातो, मग सोडियम का अडतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी आयन चॅनलवर लिहिलं होतं. थोडक्यात सांगायचं तर आपल्या प्रत्येक पेशीभोवती जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं तेलकट आवरण असतं, त्यातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड हे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, आपले आपण जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी आवरणात प्रोटीनचे बारीक मार्ग असतात, तेच हे चॅनल, आणि ते वेळेवर उघडतात मिटतात म्हणून हृदय चालतं, हात हलतो, चटका बसलेला कळतो. मी विद्यापीठात आयुष्यभर हेच शिकवलं आणि ह्यावरच काम केलं, आता रिटायर होऊन ठाण्यात असते. लेखावर ठाणे आणि नवी मुंबईतून खूप पत्रं आली, जागेअभावी सगळी घेता येत नाहीत, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. तुम्ही लिहिलं की पोटॅशियमच्या चॅनलमधून पोटॅशियम जातो आणि सोडियम जात नाही. पण सोडियम तर त्याच्यापेक्षा लहान असतो ना? मोठा जातो आणि लहान अडतो हे कसं काय? क्लासमध्ये विचारलं तर हे सिलॅबसमध्ये नाही म्हणाले. (विद्यार्थी, कळवा)

सिलॅबसमध्ये नाही म्हणून हा प्रश्न सोडू नकोस, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंयस. ह्याचं उत्तर मिळायला कित्येक वर्षं गेली.

आधी एक गोष्ट लक्षात घे, पाण्यात आयन कधीच एकटा नसतो. पाण्याचे रेणू त्याला सगळीकडून चिकटलेले असतात, ऑक्सिजनची बाजू आयनकडे करून, कारण आयनवर धन भार आणि ऑक्सिजनवर थोडासा ऋण. हे पाणी सोडायचं तर ऊर्जा लागते आणि ती थोडीथोडकी नाही. आता पोटॅशियम चॅनलमधला सगळ्यात निमुळता भाग इतका अरुंद असतो की पाण्यासकट आत शिरताच येत नाही. पण त्याच जागी प्रोटीनचे स्वतःचे ऑक्सिजन अणू अशा नेमक्या अंतरावर आहेत की पोटॅशियमला पाण्याकडून जे मिळत होतं ते जसंच्या तसं तिथे मिळतं, त्यामुळे पाणी सोडल्याचा तोटा जागच्या जागी भरून निघतो. पोटॅशियमची त्रिज्या साधारण १.३३ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) आहे, सोडियमची ०.९५. सोडियम आत आलाच तर ते ऑक्सिजन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, पाणी तर सुटलेलं असतं आणि बदल्यात काही मिळालेलं नसतं, म्हणून तो बाहेर पाण्यातच राहतो. तो लहान आहे हेच त्याच्या अडण्याचं कारण आहे! हजारो पोटॅशियम जातात तेव्हा कुठे एखादा सोडियम जातो.

अशी कल्पना शास्त्रज्ञांनी आधीच मांडली होती पण प्रत्यक्ष रचना दिसली १९९८ मध्ये, रॉडरिक मॅकिनन ह्यांनी मातीतल्या एका बॅक्टेरियाच्या पोटॅशियम चॅनलचे स्फटिक करून एक्स-रेने दाखवली. हा माणूस मुळात डॉक्टर, एम.डी. झालेला, डॉक्टरकी सोडून चॅनलकडे आला, आणि चाळिशीच्या आसपास क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकावरून रचना शोधायचं हे तंत्र, नव्याने शिकला. २००३ मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, पाण्याचा चॅनल शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्री ह्यांच्याबरोबर.

आता तुला पुढचा प्रश्न पडायला हवा, की एवढी पारख करायची तर वेळ लागेल ना? तर नाही लागत. एका उघड्या चॅनलमधून १ पिकोअँपिअर, म्हणजे अगदी सूक्ष्म, करंट गेला म्हणजे सेकंदाला साधारण ६२ लाख आयन गेले, आणि बरेच चॅनल ह्याच्या कितीतरी पट सोडतात. त्याच आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप सेकंदाला काहीशेच आयन हलवतो, कारण तो लिफ्टसारखा आहे, दर खेपेला ठरावीक प्रवासी घेणार, दार लावणार आणि मग हलणार, ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. चॅनलमध्ये अशा खेपा नाहीतच. अरुंद भागात एकामागे एक पोटॅशियम असतात, सगळे धन भाराचे, ते एकमेकांना ढकलतात आणि रांग पुढे सरकते. पारख पण कडक आणि वेग पण अफाट, हे दोन्ही एकत्र कसं जमतं ह्याचं मला आजही तेवढंच आश्चर्य वाटतं जेवढं एम.एस्सी.ला वाटलं होतं.

आमची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला तुमच्यासारखं चॅनलवर संशोधन आणि विद्यापीठात शिकवणं हेच करायचंय. आम्ही दोघं नोकरी करणारे, ह्या क्षेत्रातलं काहीच माहीत नाही. किती वर्षं लागतात, पैसे मिळतात का, आणि शेवटी ह्याचा उपयोग काय, स्पष्ट सांगा. (आईवडील, कोपरखैरणे)

स्पष्टच सांगते. वेळ लागतो, बराच लागतो. बी.एस्सी. नंतर दोन वर्षं एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती, त्यावर पीएच.डी., ती पाच-सहा वर्षं धरूनच चला. बहुतेक जण त्यानंतर पोस्टडॉकला, म्हणजे दुसऱ्या लॅबमध्ये तात्पुरत्या संशोधनाच्या कामाला, जातात, तीही काही वर्षं, बऱ्याचदा बाहेरगावी नाहीतर परदेशी. पैशाचं म्हणाल तर २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ते ४२,००० होतात, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. म्हणजे पीएच.डी. करताना मुलगी घरावर भार नसते, तिच्या बरोबरीच्या आयटीतल्या मैत्रिणी जास्त कमावतील हे खरं पण तिचं ती भागवू शकेल. असिस्टंट प्रोफेसर म्हणून कायम झाली की मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो आणि भत्ते वेगळे.

अडचण आहे ती 'कायम' होण्यात. आपल्या राज्यात जागा निघतात कमी, भरल्या जातात त्याहून कमी, आणि कितीतरी चांगली शिकलेली मुलं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षं काढतात, सुट्टीत पगार नाही, प्रयोगशाळा नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. मी स्वतः सुरुवातीला एका कॉलेजात अशीच तासांवर शिकवत होते, सकाळी लेक्चर घेऊन दुपारी लॅबमध्ये जायचे. त्या काळात शिकवायची गोडी लागली हे खरं पण म्हणून ती पद्धत चांगली आहे असं मी कधीच म्हणणार नाही, माणसाला कायम टांगणीला ठेवून चांगलं शिकवून घेता येत नाही. मुलीला हे आत्ताच सांगा, तिने डोळे उघडे ठेवून यावं.

आता उपयोगाचं. ह्यावर मी एकच गोष्ट सांगते, विद्यार्थ्यांनाही हीच सांगायचे. जीन बिघडलेल्या काही फळमाश्या अशा सापडल्या की ईथर देऊन बेशुद्ध केलं तरी त्यांचे पाय थरथरत राहतात. लोकांनी विचारलंच असेल, ह्याचा काय उपयोग? पण ज्यांना उत्सुकता होती त्यांनी ते जीन शोधले, ते निघाले पोटॅशियम चॅनलचे. १९९४ मध्ये त्यातल्या एकाचा भाऊ माणसात सापडला, त्याचं नाव हर्ग, आणि पुढच्याच वर्षी कळलं की आपलं हृदय प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा शांत होतं त्यात ह्या चॅनलचा मोठा वाटा आहे. त्याच सुमारास टर्फेनाडिन नावाचं सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध जगभर खपत होतं आणि ते काही विशिष्ट औषधांबरोबर घेतलं की काही लोकांच्या हृदयाची लय बिघडून जिवावर बेतत होतं. कारण कळलं, ते औषध हर्ग चॅनल बुजवत होतं. औषध बाजारातून गेलं, आणि शरीरात त्याच्यापासून जो पदार्थ तयार होतो, फेक्सोफेनाडिन, तो सुरक्षित निघाला, आपल्याकडे अ‍ॅलेग्रा म्हणून मिळतो तोच. आज नवीन औषध माणसाला द्यायच्या आधी ते हर्गला अडवतं का हे तपासतात, २००५ पासून त्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंच आहेत. म्हणजे ज्याला चॅनलचा करंट मोजता येतो त्याला फार्मा कंपन्यांच्या आणि त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये काम आहे, विद्यापीठातच जागा मिळाली पाहिजे असं नाही. पायांची थरथर बघणाऱ्या त्या लोकांना ह्यातलं काहीही माहीत नव्हतं.

मुलीला आत्ता करण्यासारखं म्हणजे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तुमच्याकडून वाशीचा पूल ओलांडला की आलंच, तिथे पदवीच्या मुलांसाठी नियस नावाचा उपक्रम चालतो त्याची चौकशी करा. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप आहे. पुढे पीएच.डी.साठी कुलाब्याची टीआयएफआर, पुण्याची आयसर, बंगळुरूची एनसीबीएस ह्या संशोधन संस्थांकडे बघा. आणि तिला म्हणावं गणित आणि फिजिक्स सोडू नकोस, बायोलॉजीवाल्या मुलांना वाटतं आपण सुटलो, पण चॅनलचं काम म्हणजे अर्धं इलेक्ट्रिसिटीच आहे, आणि थोडं पायथन, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग, येत असेल तर फारच उत्तम.

बाई, मी ७१ वर्षांचा, रिटायर्ड बँक कर्मचारी. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. दोन्ही गोळ्या चॅनलवर काम करतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. जरा उलगडून सांगाल का? (नौपाडा, ठाणे)

हो, दोन्ही. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो, तो आवळला जातो तेव्हा त्याच्या पेशींत कॅल्शियम चॅनलमधून कॅल्शियम शिरत असतं. अ‍ॅम्लोडिपिन तो मार्ग अडवतं, स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. काहींच्या घोट्यांवर सूज येते ती पण ह्यामुळेच, तशी दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

ग्लिमेपिराइडची गोष्ट जास्त सुंदर आहे. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत एक पोटॅशियम चॅनल असतो जो पेशीतल्या एटीपीवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या रेणूवर, नजर ठेवून असतो. जेवण झालं, साखर पेशीत गेली, जळली, एटीपी वाढलं की हा चॅनल मिटतो, त्यामुळे आवरणावरचा व्होल्टेज बदलतो, मग कॅल्शियमचे चॅनल उघडतात आणि इन्सुलिन बाहेर पडतं. तुमची गोळी काय करते, साखर असो नसो, तो पोटॅशियम चॅनल थेट मिटवते. आता तुमच्याच लक्षात येईल की गोळी घेऊन जेवण टाळलं तर घाम, थरथर, चक्कर का येते, रक्तात साखर नाही तरी पेशीला वाटतंय की आहे. म्हणून उपासाच्या दिवशी ह्या गोळीचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारायचं. चतुर्थी असो नाहीतर एकादशी, विचारल्याशिवाय उपास नको आणि मनाने गोळी बंद करणंही नको, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

मिरची तिखट नाही, गरम लागते असं तुम्ही म्हणता. मग आमचा पोपट अख्खी मिरची कशी खातो? (गृहिणी, ऐरोली)

कारण त्याला ती लागतच नाही. आपल्या जिभेतल्या आणि त्वचेतल्या मज्जातंतूंत टीआरपीव्ही१ नावाचा चॅनल आहे, तो साधारण ४३ अंशांच्या वर उघडतो, म्हणजे भाजतंय हे सांगणारा चॅनल. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला नेहमीच्या तापमानालाच उघडतं, म्हणून मेंदूला वाटतं तोंड पोळलं. हा चॅनल १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस ह्यांच्या लॅबने शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, स्पर्श आणि दाबाचे चॅनल शोधणाऱ्या अर्डेम पटापुटियन ह्यांच्यासोबत. पक्ष्यांतही हा चॅनल असतो, उष्णतेला उघडतोही, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. बहुतेक पक्षी बी चावून फोडत नाहीत, लांब नेऊन टाकतात, त्यामुळे मिरचीच्या झाडाचा फायदाच आहे. थंडाव्यासाठी वेगळा चॅनल आहे, त्याला मेंथॉल उघडतं, व्हिक्स लावल्यावर गार वाटतं ते त्यामुळे, कातडी प्रत्यक्षात गार झालेली नसते.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. पेशीपटलाचा (पेशीच्या आवरणाचा) धडा मुलं पाठ करतात आणि विसरतात. आमच्याकडे मायक्रोस्कोप सोडले तर काही नाही. चॅनल दाखवायचे कसे? (शिक्षिका, वाशी)

चॅनल दाखवता येणार नाहीत पण चॅनल असल्याशिवाय होणार नाही अशा गोष्टी दाखवता येतील, आणि मला वाटतं मुलांना तेच जास्त पटतं.

सुरुवात बीटापासून करा. बीटाचे सारख्या मापाचे तुकडे कापायचे, वाहत्या पाण्याखाली इतके धुवायचे की रंग यायचा थांबेल, हे धुणं महत्त्वाचं, नाहीतर कापताना फुटलेल्या पेशींचाच रंग दिसत राहतो. मग टेस्ट ट्यूबमध्ये ३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांचं पाणी घेऊन एकेक तुकडा सारखाच वेळ ठेवायचा. खालच्या तापमानांना पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं आणि ५०-६० च्या पुढे एकदम लालभडक होतं. मुलं विचारतात, रंग आधी का नाही आला? तिथे थांबा, उत्तर देऊ नका, त्यांना भांडू द्या. आवरण फाटलं की सगळंच बाहेर येतं हे त्यांच्या तोंडून आलं की मग विचारा, की जिवंत पेशीला न फाटता फक्त पोटॅशियम बाहेर सोडायचा असेल तर? आता चॅनल ही त्यांना गरज वाटायला लागते, पाठांतर राहत नाही.

नंतर लाजाळूची कुंडी आणा. पान मिटतं तेव्हा देठाच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो तिथल्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड चॅनलमधून बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात. स्पर्श केलेल्या पानाकडून विजेचा संदेश पुढच्या पानांकडे जातो, हे जगदीशचंद्र बोसांनी शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात मोजलं होतं. आणि तुमच्या तर दाराशी खाडी आहे, ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात मुलांना घेऊन जा, कोरड्या दिवशी तिवराचं पान उन्हात धरलं की मिठाचे कण चमकताना दिसतात. खारं पाणी पिऊन मीठ पानातून बाहेर टाकणारं झाड आहे ते, आणि तो सगळा व्यवहार आवरणातल्या पंप आणि चॅनलवर चालतो. अशी सहल झाली की धडा शिकवायला एक तास पुरतो, मी करून बघितलंय.

आमचं गाव महाडकडे आहे. लहानपणी विंचू चावून माणसं दगावलेली पाहिलीत. विंचवाचं विष पण चॅनलवरच काम करतं का? (कळंबोली)

हो, आणि ह्या विषयात आपल्या कोकणाचं नाव जगात आहे. लाल विंचवाच्या विषातले काही घटक मज्जातंतूंच्या सोडियम चॅनलला धरतात आणि त्यांना वेळेवर मिटू देत नाहीत. एकदा पेटलेला मज्जातंतू पेटतच राहतो, शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, घाम, उलट्या, हातपाय गार, दाब वाढतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी होतं. पूर्वी ह्यात, विशेषतः लहान मुलं, मोठ्या संख्येने जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यात राहून पेशंटच्या उशाशी बसून हे सगळं नोंदवलं आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून मृत्यू खूप कमी केले, द लॅन्सेटसारख्या नियतकालिकात ते छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी लॅब नसताना असं संशोधन होतं हे मी दरवर्षी पहिल्या लेक्चरला सांगायचे.

ह्याच विंचवाच्या विषात इबेरिओटॉक्सिन म्हणून अवघ्या ३७ अमिनो आम्लांचा एक छोटा पदार्थ १९९० मध्ये सापडला, तो एका विशिष्ट पोटॅशियम चॅनलला इतका अचूक बुजवतो की जगभरच्या चॅनल लॅबमध्ये तो वापरला जातो. आमच्याही फ्रीजरमध्ये असायचा. परदेशातून मागवलेली ती इवलीशी बाटली हातात घेताना मला नेहमी वाटायचं की हे मूळचं आपल्याकडचं.

येऊरला, मुरबाडला ट्रेकला जाणाऱ्यांसाठी सांगते, नुसती भयंकर कळ असेल तर धोका त्यामानाने कमी, पण घाम, उलटी आणि गार हातपाय दिसले तर मंत्र-पाला काही न करता सरळ जवळच्या आरोग्य केंद्रात. मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही बघू नका.

मॅडम, मी पीएच.डी. करतेय, पॅच क्लॅम्पवर. पावसाळा सुरू झाला की सील लागतच नाही, आणि त्यात गाइडनी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स माझ्या गळ्यात घातलीत. शिकवण्यात वेळ जातो आणि संशोधन राहतं असं वाटतं. तुम्ही दोन्ही कसं सांभाळलंत? (संशोधक विद्यार्थिनी, खारघर)

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं. पॅच क्लॅम्प म्हणजे काचेची नळी तापवून ओढून तिचं टोक साधारण एक मायक्रॉनचं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं) करायचं, ते जिवंत पेशीला टेकवायचं, तोंडाने हलकेच ओढ द्यायची, की काच आणि आवरण एकमेकांना असं चिकटतं की मधून जवळजवळ करंटच गळत नाही, त्यालाच सील म्हणतात. मग त्या टोकाखाली सापडलेल्या एकाच चॅनलचा करंट दिसतो. अर्विन नेहर आणि बर्ट साकमान ह्यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर एका चॅनलचा करंट पहिल्यांदा मोजला, १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता तुझं. पावसाळ्यात मी पुढच्या गोष्टी बघायचे. नळ्या त्याच दिवशी ओढायच्या आणि झाकून ठेवायच्या, कालच्या वापरायच्या नाहीत. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. नळी पाण्यात उतरवताना आतून थोडा दाब ठेवायचा म्हणजे कचरा टोकावर बसत नाही. होल्डर आतून ओला झालाय का बघ, दमट हवेत ते फार होतं आणि सगळा नॉइज तिथूनच येतो. चांदीच्या तारेवरचा क्लोराइडचा थर उडाला असेल तर व्होल्टेज सरकत राहील, परत चढव. ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर एकेक उपकरण बंद करून बघ, घाई नको. पेशी किती निरोगी आहेत ते सगळ्यात आधी बघ खरं तर, सुकलेल्या, दाणेदार पेशींवर सील लागत नाही, कितीही नळ्या बदल.

मला माझा पहिला चॅनल अजून आठवतो. स्क्रीनवर सपाट रेघ होती, मग ती एकदम खाली उतरली, तशीच थोडी राहिली आणि पुन्हा वर गेली, परत उतरली. मधली कुठलीच पायरी नाही, एक तर उघडा नाहीतर मिटलेला. एक प्रोटीनचा रेणू आत्ता, ह्या क्षणी हलतोय आणि मी बघतेय. लॅबमध्ये कोणी नव्हतं, मी वॉचमनकाकांना बोलावून दाखवलं. त्यांनी विचारलं, कधी उघडायचं हे त्याला कोण सांगतं? पुढे कितीतरी वर्षं मी ह्याच प्रश्नावर काम केलं.

म्हणून शिकवण्यात वेळ जातो हे मला पटत नाही. प्रॅक्टिकल घ्यायचं ओझं तुझ्यावर न विचारता टाकलं असेल तर ते चुकीचं आहे, गाइडशी बोल, तास ठरवून घे, तेवढं म्हणायचा तुला हक्क आहे. पण वर्गातून बाहेर पडू नकोस. जो विषयात मुरलाय तो ठरावीक प्रश्न विचारतो, ज्याला काही माहीत नाही तो मुळावर येतो. मला एका मुलीने विचारलं होतं की चॅनल मिटलाय आणि चॅनल अडकलाय ह्यात करंट दोन्हीकडे शून्यच, मग फरक कळतो कसा? पुस्तकात त्याचं उत्तर आहे, सोडियम चॅनल उघडल्यावर त्याचाच एक लोंबता भाग आतून भोक बुजवतो, व्होल्टेज पूर्ववत झाला की सुटतो, आणि फळमाशीच्या शेकर नावाच्या पोटॅशियम चॅनलमध्ये तसाच भाग कापून १९९० मध्ये हे सिद्ध केलं गेलं. मी हे शिकवतच होते, पण तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की आम्ही ज्या चॅनलवर काम करतोय त्याच्यात हे कधी नीट तपासलेलंच नाही. पुढचं एक अख्खं काम त्यातून निघालं आणि ती मुलगी त्यात होती.

तुझ्या बी.एस्सी.च्या मुलांना हॉजकिन-हक्स्लीची समीकरणं, म्हणजे मज्जातंतूतून विजेचा संदेश कसा जातो ते गणितात मांडणारी ह्या दोन शास्त्रज्ञांची समीकरणं, कॉम्प्युटरवर चालवायला दे. त्या दोघांनी १९५२ मध्ये ती मांडली तेव्हा केंब्रिजचा कॉम्प्युटर बंद होता, हक्स्लीने हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली, तुझ्या मुलांना पायथनच्या काही ओळींत ती होईल. सोडियमचा आकडा कमी केला की संदेश विझतो, हे स्वतः बघितलेलं मूल तुला असे प्रश्न विचारेल की सील लागेपर्यंत डोकं रिकामं राहणार नाही.

हॉजकिन-हक्स्लींनी ज्या स्क्विडवर काम केलं तो म्हणजे आपला माकूळच ना? साफ करताना ती मोठी नस दिसते का? (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

माकूळच. त्यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथला काम केलं तो थंड पाण्यातला, आपल्याकडच्यापेक्षा मोठा, त्याचा मज्जातंतू मिलिमीटरभर जाड असू शकतो म्हणून त्यात तार घालून व्होल्टेज मोजता आला. आपल्या माकळात तो बारीक असतो पण ताज्यात दिसतो. ज्या बाजूला प्लॅस्टिकसारखी पारदर्शक काडी असते त्याच्या उलट बाजूने पोट उभं कापा, पुस्तकासारखं न ओढता हळू उघडा, आतली पिशवी आणि कल्ले बाजूला करा. डोक्याकडच्या कडेजवळ आतल्या भिंतीवर दोन्हीकडे एकेक पांढरट गाठ दिसेल, तिच्यातून चांदणीसारखे धागे फुटलेले असतात. त्यातला सगळ्यात मागे शेपटीकडे जाणारा लांब धागा, त्याच्यातच तो मोठा मज्जातंतू आहे. धोका दिसला की माकूळ पाणी फेकून मागे उसळतो, ती आज्ञा ह्यातूनच जाते. सकाळचा ताजा घ्या, बर्फात राहिलेल्याचं मांस पांढरं पडतं आणि मग धागा वेगळा ओळखू येत नाही.